काच पुसली का?

दसरा सरला आणि दुसऱ्याच दिवशी आभाळ बिनसलं. नवरात्रभर कसं लख्ख ऊन होतं. त्या उन्हाच्या भरवशावर किसनने भाताला विळा लावला, आणि उन्हाने नेमका आता दगा दिला. कापलेलं भात मुठी-मुठीने शेतात पसरलेलं, दोन उन्हं खाऊन खडखडीत झालेलं. आता फक्त भारे बांधायचे, खळ्यावर न्यायचे आणि एकावर एक ठेवून त्यांची उडवी रचायची. एवढंच राहिलं होतं, पण एवढंच म्हणता म्हणता माणसाचं सगळं राहून जातं.

बदलापूर गावाच्या खालच्या अंगाला, नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर किसनचा हा तुकडा. आजूबाजूच्यांनी विकून टाकलं, तिथे आता पत्रे ठोकून बिल्डरांच्या पाट्या लागल्यात. किसनची जमीन मधोमध राहिली, ठिगळासारखी. वर्षाचं खायचं भात त्यातून निघायचं. विकत आणलेल्या तांदळाला त्याची आई नावं ठेवायची, म्हणून तरी ते निघावंच लागायचं.

सकाळी चंदेरीच्या डोंगरामागून काळं वर चढताना दिसलं तेव्हा कुंदा डबा भरत होती. किसन पडवीत उभा राहून म्हणाला, "आजचा दिवस खाडा कर. दोघं लागलो तर दुपारपर्यंत भारे आत येतील."

"सणाच्या सुट्टीला लागून खाडा केला तर शेठ सुट्टीचापण दिवस कापतो. तुम्हाला ठाव नाय का?"

"मग भात काय तुझा शेठ उचलणार?"

"तुम्ही केलाय ना खाडा? तेवढा बस झाला." कुंदाने डब्याचं झाकण असं दाबलं की त्याचा आवाज मागच्या दारापर्यंत गेला. "माझ्या कामाला रोज बोलता. भातकापणी आली की माझं काम, कुणाच्या लग्नाला जायचं निघालं की माझं काम. तुमचं तेवढं काम, आणि आमचं काय खेळणं हाय?"

बायकोचं खरं असलं की किसन दिवसभर चिडलेला राही. कुंदा पदर खोचून निघून गेली. जाताना सासूच्या कानाशी काहीतरी बोलली. ते काय, हे किसनने विचारलं नाही, कारण तो फुगला होता.

दोघंही अंबरनाथच्याच एमआयडीसीत, पण वेगवेगळ्या ठिकाणी. कुंदा प्रेसशॉपमध्ये. तिथे पत्र्याच्या बिजागऱ्या होत. किसन सेन्सर बनवणाऱ्या एका गाळ्यात. लोखंडी पट्टीच्या खांबात ठिपक्याएवढे दिवे ओळीने डाग देऊन बसवायचे, पुढून काच लावायची, असे दोन खांब प्रेसच्या दोन बाजूंना समोरासमोर उभे करायचे. एका खांबातून निघालेला उजेड दुसऱ्यात जातो, डोळ्याला दिसत नाही. कुणाचा हात त्या उजेडात आला की पायाखालची पेडल अडकून बसते, कितीही दाबा, वरचा डाय, तो जड साचा, खाली येत नाही. हात वाचतो. किसन हे खांब बसवायला कारखान्या-कारखान्यांत फिरायचा. आईच्या तुटलेल्या बोटांपायी तो या धंद्यात आला असं कुणी म्हटलं असतं तर तो हसला असता. गाळ्यात जागा रिकामी होती म्हणून तो लागला, बाकी काही नाही.

आईच्या हाताचं मात्र खरं होतं. भागीरथीच्या उजव्या हाताला अंगठा होता आणि करंगळी होती. मधली तीन बोटं तरुणपणी प्रेसखाली गेली. तेव्हा असले खांब कुणी ऐकलेसुद्धा नव्हते. ती कामात असताना मागून कुणीतरी "ओ बाय" म्हणून हाक मारली. तिने मान वळवली आणि मानेबरोबर पाय दबला. हाक मारणाऱ्याला फक्त किती वाजले ते विचारायचं होतं. तेव्हापासून त्या घरात एक रीत पडली, कुणी विळ्यावर, विळीवर, चुलीपाशी असलं की त्याला मागून हाक मारायची नाही. समोर जायचं, दिसायचं, मग बोलायचं. नातेवाईक हसायचे. भागीरथी हसू द्यायची.

गेल्या पावसाळ्यात कुंदाच्या प्रेसशॉपमध्येच खांब बसवायचं काम किसनच्या गाळ्याला मिळालं. उल्हासनगरच्या शेठला बाहेरदेशीच्या पार्टीने सांगितलं होतं, सेन्सर लावल्याचे फोटो पाठवा तर माल घेतो. शेठने फोटोपुरता एकाच, सगळ्यात मोठ्या प्रेसला लावून घेतला. आणि तिथून कुंदाच्या मागे शुक्लकाष्ठ लागलं. खांब लागला की हात पूर्ण बाहेर येईस्तोवर पेडल चालत नाही, त्यामुळे नग कमी निघतात. बायकांची मजुरी नगावर, आणि मोठ्या प्रेसवर कधी ना कधी सगळ्यांनाच बसावं लागे. जेवायच्या सुट्टीत सगळ्या कुंदाला धरायच्या, "तुझ्या नवऱ्यानं आमचे हात बांधून ठेवले गो." "भाऊजींना सांग, एक खांब तुमच्या घरातपण लावा, कुंदा जास्त बोलायला लागली की पेडल बंद." कुंदा हसण्यावारी न्यायची आणि घरी येऊन किसनवर काढायची. किसन म्हणायचा, माझ्या आईचा हात नेऊन दाखव त्यांना. मग कुंदा चुलीकडे वळायची.

तर दसऱ्यानंतरच्या त्या सकाळी मायलेक शेतात वाकलेले. वारा पडलेला. अंगाला घाम असा चिकटलेला की भाताचं टोचरं कूस मानेवर, काखेत, पोटऱ्यांवर जाऊन बसत होतं आणि खाजवायला हात मोकळा नव्हता. किसन मुठी गोळा करून भारा रचायचा, भागीरथी बंध घालायची. डाव्या हाताने पीळ द्यायची, उजव्या अंगठ्याखाली दाबून धरायची आणि शेवटची गाठ दाताने ओढायची. तिच्या ओठाला कूस लागून रक्त आलं होतं. ते तिने एकदाही पुसलं नाही.

"ढग कुठवर आलं?" ती मान वर न करता विचारायची.

"तिथंच हाय."

तिथंच नव्हतं. चंदेरीचं टोक केव्हाच झाकलं होतं. किसनला एकसारखी घाई सुटली होती. भारा उचलला की वाटायचं बांधून घ्यावेत, बांधायला बसलं की वाटायचं उचलावेत. कशातच मन ठरेना.

डोक्यावर भारा घेऊन तो बांधावर चढत होता तेव्हा खिशातला फोन वाजला. बंद झाला, पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा त्याने एका हाताने भारा सावरत तो काढला. कुंदाच्या शॉपमधला सुपरवायझर, अवधूत. अजून तिशीचासुद्धा नसेल, पोरगा वाईट नव्हता, पण शेठचा फोन आला की त्याचे हातपाय गळायचे.

"किसनभाऊ, मोठा प्रेस चालतच नाही. खांबावर लाल दिवा लागून राहिलाय नुसता. सुबह से सब ठप. शेठ डोक्यावर बसलाय, आजच्या आज माल उल्हासनगरला पोचवायचाय. येता का?"

आता बघा, किसनच्या धंद्यात एक प्रश्न पहिला असतो. कुणाचाही फोन येवो, पुण्याहून येवो की भिवंडीहून, आधी विचारायचं, काच पुसली का? दहातल्या नऊ वेळा काचेवर तेल उडालेलं असतं, नाहीतर धूळ बसलेली असते. फडक्याने पुसलं की काम झालं. हा प्रश्न किसन झोपेतही विचारू शकला असता. पण त्या दिवशी डोक्यावर भारा होता, मानेवर कूस होतं, आणि समोर आभाळ काळं पडत होतं. त्याला फक्त फोन ठेवायचा होता.

"पॅनलची किल्ली फिरव," तो म्हणाला.

"म्हणजे बायपास? ती तर डाय बदलतानाच फिरवायची, तुम्हीच सांगितलेलं."

"आजच्या दिवस चालव. उद्या येऊन बघतो."

"नक्की ना?"

"अरे, मी सांगतोय ना."

त्याने भारा खळ्यावर टाकला आणि परत आला. भागीरथी बांधावर बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. शेतात आवाज कुठे लपतो?

"कसली किल्ली?"

"काय नाय. प्रेस अडलाय त्यांचा. खांब बंद करून चालवा म्हटलं एक दिवस."

"कंच्या प्रेसचा?"

"मोठ्या. राजसी बसते ना सध्या त्यावर."

भागीरथी हातातला बंध तसाच धरून राहिली. "राजसी माहेरी गेलीय सणाची," ती म्हणाली. "आज कुंदा बसणार होती त्यावर. सकाळी मला बोलली. त्यांना सांगू नका म्हणली, आधीच भातावरनं तोंड फुगलंय."

किसनला आधी समजलंच नाही. म्हणजे शब्द समजले, पण ते आत जायला वेळ लागला. मग त्याने फोन काढला. कुंदाचा लावला, वाजत राहिला. शॉपमध्ये फोन नेऊ देत नाहीत, सगळ्यांचे कपाटात असतात, हे माहीत असून त्याने पुन्हा लावला. अवधूतचा लावला. तो उचलेना. पुन्हा लावला. घामाने बोट पडद्यावरून घसरत होतं.

"फोन कसले करतोस?" भागीरथी म्हणाली. "जा."

"आणि हे?" किसनने शेताकडे हात केला. अर्ध्याहून जास्त भात अजून खालीच होतं.

"भात काय, पुढल्या सालीपण येतं."

तिने भारा पुढ्यात ओढला आणि गाठ दातात धरली.

किसन तसाच निघाला, गुडघ्यापर्यंत बांधाजवळच्या पाटातला चिखल, अंगात बनियन, पायात काही नाही. गाडीला किक मारताना तळव्याला खरचटलं. पुलावर मंडपाचे बांबू भरलेला टेम्पो आडवा झाला होता आणि दोन्ही बाजूंनी गाड्या अडून पडल्या होत्या. लोक आरामात उभे. कुणी भजी खात होतं. किसनने हॉर्न दिला तर पुढचा रिक्षावाला वळून म्हणाला, "उडके जाएगा क्या?" किसनने कडेने, गटाराच्या झाकणांवरून गाडी काढली.

डोक्यात एकच चाललं होतं. हात आत, हात बाहेर, पाय. हात आत, हात बाहेर, पाय. नव्या बाईला शिकवताना हेच म्हणून दाखवतात. खांब चालू असला तर चुकलं तरी चालतं. मोठ्या प्रेसवर बायका कित्येक महिने खांब असताना बसतात, तेव्हा हाताला सैलपणा येतो. चुकलं तर खांब बघून घेईल, ही सवय बोटांना लागते. ती सवय किसनच्याच खांबाने लावली होती. आणि आज खांब आंधळा होता. कुंदाला कुणी सांगितलं तरी असेल का? अवधूतने सांगितलं असेल. नसेलही. आपण तरी त्याला कुठे म्हटलं, बसणाऱ्या बाईला सांग म्हणून?

आपणच, त्याला वाटलं. दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायला जागाच नाही.

गेटवर वॉचमन नाथाकाका स्टुलावर बसला होता. किसनला पाहून उठला आणि आडवा झाला.

"बूट कुठे?"

"काका, सोडा. कुंदा आत हाय."

"असू दे ना. अनवाणी माणूस शॉपमध्ये सोडला तर माझी नोकरी जाईल." त्याने भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. सुरक्षा बूट घातल्याशिवाय आत प्रवेश नाही. "खांब बसवायला आलात तेव्हा तुम्हीच ठोकलीत ही. मीच खिळे धरले होते."

किसनला त्याला ढकलून आत जावंसं वाटलं. ढकललं असतं तर नाथाकाका पडला असता, इतका तो वाळका होता. पण किसनच्या तोंडाकडे बघून म्हाताऱ्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने खाली बसून स्वतःचे बूट सोडले आणि पुढे सरकवले. "घाला. परत आणून द्या." किसनने चिखलाचे पाय त्यात कोंबले. बूट मोठे होते, चालताना टाच वर यायची.

आत धाडधाड चालू होती. सगळ्या प्रेसवर बायका. मोठा प्रेस भिंतीला लागून, आणि त्याच्यापुढे कुंदाची पाठ. निळ्या एप्रनची गाठ, मानेवर ओला अंबाडा. तिचे दोन्ही हात आत-बाहेर होत होते. किसन धावत पाच-सहा पावलं गेला आणि थांबला.

हाक मारायची नव्हती. समोर जाता येत नव्हतं, समोर भिंत. खांद्याला हात लावणं तर हाकेपेक्षा वाईट. पॅनल तिच्या पलीकडे, तिच्या कोपराशी. तिथे हात घालायचा तर तिच्या डोळ्यांच्या कडेला अचानक माणूस येणार. मेन स्विच पाडावा तर दिवेसुद्धा त्याच्यावरच, साऱ्या शॉपमध्ये अंधार. जितक्या बायका तितके हात डायखाली, आणि प्रेसचं चाक काही लगेच थांबत नाही. किसनला हे सगळं माहीत होतं. माहीत असण्याचा त्याला कधी इतका राग आला नव्हता.

शेजारच्या प्रेसवरच्या बाईने त्याला पाहिलं. तिने पेडलवरून पाय काढला, कुंदाला सांगायला तोंड उघडलं. किसनने घाईने ओठांवर बोट ठेवलं. ती तशीच राहिली.

मग तो उभा राहिला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. कुंदाच्या डाव्या हाताशी पत्र्याच्या तुकड्यांची चळत होती. ती संपली की ती पाय काढणार, नवी चळत घेणार. तोपर्यंत थांबायचं. चळत वीतभर उंच होती. तुकडा उचलायचा, आत ठेवायचा, हात बाहेर, पाय, धाड. तुकडा उचलायचा. कुंदा भराभर करत होती. खांब बंद असल्यामुळे हात मोकळा सुटला होता, आणि तिच्या पाठीवरून कळत होतं की तिला बरं वाटतंय. ती मान हलवत होती जराशी, गुणगुणत असावी. दरवेळी धाड झालं की तो तिचे हात वर येताना बघायचा. आले. आले. आले.

चळत बोटभर राहिली तेव्हा एक बिजागरी डायला चिकटून बसली. कुंदाने नखाने उचकटायला दोन बोटं आत घातली. निघेना. ती पुढे वाकली, आणखी आत घातली, आणि वाकताना तिचा तोल सगळा उजव्या पायावर आला. पाय पेडलवर होता. पेडल किंचित दबल्याचं किसनने पाहिलं. त्याच्या घशात तिचं नाव आलं होतं, अगदी दातांपर्यंत. त्याने ते गिळलं. आयुष्यात त्याने इतकं जड काही गिळलं नव्हतं.

बिजागरी निघाली. हात बाहेर आला. धाड.

मग चळत संपली. कुंदाने पाय काढला, कपाळ कोपराने पुसलं आणि वळली. नवऱ्याला बघितलं, त्याचे चिखलाचे गुडघे, परक्याचे बूट, बनियन.

"आत्या बऱ्या हायत ना?" तिने पहिलं सासूचंच विचारलं.

किसनने मान हलवली. तिच्या बाजूने जाऊन पॅनलची किल्ली परत उलटी फिरवली, काढली आणि मुठीत धरली. तेवढ्यात टेम्पो भरत असलेला अवधूत धावत आला. "काय झालं किसनभाऊ? किल्ली का काढली? तुम्हीच तर सांगितलंत फिरवायला."

"मीच सांगितलं," किसन म्हणाला.

कुंदाने त्याच्याकडे पाहिलं, मग खांबांकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. "खांब बंद होता?" ती हळू म्हणाली. "इतका वेळ? मला वाटलं, दुरुस्त झाला." अवधूत टेम्पोकडे बघायला लागला. कुंदा तिथल्याच पेटीवर बसली. एप्रनला हात पुसत राहिली, पुसलेलेच हात पुन्हा.

किसन वाकून खांब बघायला लागला. लाल दिवा लागलेला. आणि काचेवर, अगदी मधोमध, हळदीची पाच बोटं आणि त्यावर कुंकवाचा हा भलामोठा टिळा. समोरच्या खांबावरही तसाच. वर झेंडूचं फूल खोचलेलं, सुकलेलं.

"हे कुणी केलं?"

"मी," कुंदा म्हणाली. "खंडेनवमीला सगळ्यांनी आपापल्या मशिनीची पूजा केली. तुमच्या खांबाला कुणी हात लावेना. म्हणल्या, ह्याची कशाला, ह्यानं काय दिलंय आपल्याला? मला राग आला. मी सगळ्यांच्या देखत लावलं. आत्यांचं नाव घेऊन लावलं." तिने काचेकडे पाहिलं. "चांगलं दिसावं म्हणून मधोमध लावलं."

किसनने खिशातून फडकं काढलं. कुंदा उठली आणि तिने त्याचा हात धरला. सणाचं कुंकू असं फडक्याने पुसत नाहीत, आपोआप उतरेपर्यंत राहू देतात, हे त्यालाही माहीत होतं. सकाळपासून अवधूतलाही म्हणूनच कुणी पुसू दिलं नसावं. कुंदाने पदराचं टोक ओलं केलं, काचेवरचं कुंकू बोटावर उचलून घेतलं आणि वरच्या नुसत्या लोखंडावर लावलं. मग काच स्वच्छ पुसली. दुसऱ्या खांबाचंही तसंच केलं. दिवा हिरवा झाला.

ती प्रेससमोर बसली. एक हात डायखाली ठेवला, तळवा वर करून, आणि पेडल दाबली.

"कुंदा," किसन म्हणाला.

पेडल हलली नाही. तिने पुन्हा दाबली, सगळा जोर लावून. डाय वरच राहिला. तेव्हा तिने हात काढला आणि पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

पत्र्यावर पावसाचा आवाज तेव्हाच सुरू झाला. आधी खडे टाकल्यासारखा, मग इतका की प्रेस ऐकू येईनासे झाले. दोघांनी वर बघितलं. किसनने नाथाकाकाचे बूट परत दिले, आणि अवधूतने मागितली तरी किल्ली दिली नाही. अवधूत शेठला फोन करतो म्हणाला. किसन म्हणाला, कर.

शिफ्ट सुटल्यावर दोघं भिजतच घरी आली. शेतात पाणी साचलं होतं आणि मुठी पाण्यात लोळत होत्या. भागीरथीने एकटीने जमतील तेवढे भारे ओढून पडवीत आणले होते. ती दाराशी बसली होती, केसांतून पाणी निथळत होतं, ओठ सुजलेला.

"हात बघू," ती सुनेला म्हणाली.

कुंदाने दोन्ही हात पुढे केले. भागीरथीने ते आपल्या हातांत घेतले, उलटे केले, सुलटे केले. अंगठा आणि करंगळीच्या चिमटीत एकेक बोट धरून पाहिलं. सगळी बघून झाली तेव्हा तिने हात सोडले आणि भिंतीला धरून उठली.

"दहा हायत ना?" ती म्हणाली. "मग चल, भारे उचलाय. शेताच्या वरच्या अंगाचं भात अजून वाचंल."